विजय हजारे : अपयशानंतरचा डाव

सामन्यांचा हंगाम संपला की आपल्या तळवड्याच्या मैदानावर एक प्रश्न हमखास निघतो. ज्या फलंदाजाच्या हातून वर्षभर धावा झाल्या नाहीत, त्यास पुढील वर्षी संघात घ्यावे की वगळावे? कोणी म्हणतो, त्याचा खेळ संपला. कोणी म्हणतो, तो पुन्हा उभा राहील. हा वाद नुसत्या तर्काने मिटणारा नाही. म्हणून एका थोर मराठी फलंदाजाच्या चरित्रात त्याचे उत्तर शोधण्याचा ह्या लेखात यत्न केला आहे. ते फलंदाज म्हणजे कै. विजय सॅम्युअल हजारे.

हजारे ह्यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळेत शिक्षक होते आणि घरात आठ भावंडे होती. अशा घरी श्रीमंतीचा थाट कोठून असणार? परंतु नेमस्तपणा, नियमितपणा आणि हाती घेतलेले काम मुकाट्याने तडीस नेण्याची वृत्ती, हे शिक्षकाच्या घरचे धन विजयला भरपूर लाभले. त्यांचा स्वभाव लाजाळू व मितभाषी होता, आणि तो अखेरपर्यंत तसाच राहिला. देवास संस्थानच्या अधिपतींनी त्यांचे गुण हेरून त्यांना आश्रय दिला. ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट ह्यांच्याकडून त्यांना काही काळ शिक्षणही मिळाले. पुढे बडोदे हेच त्यांचे घर झाले.

१९३९-४० च्या हंगामात, तळवड्याहून फार दूर नसलेल्या पुण्यात, प्रा. दि. ब. देवधर ह्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राकडून खेळताना हजारे ह्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत ते ख्रिस्ती व इतर खेळाडूंच्या ‘शेष’ संघातून हिंदू संघाशी खेळले. त्या डावात संघाच्या एकूण धावा ३८७ झाल्या, आणि त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे ह्यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक दुसऱ्या टोकाला चिवटपणे उभे होते. परंतु धावांचे ओझे विजयरावांनीच वाहिले. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी २८८ धावा केल्या, आणि गुल महंमद ह्यांच्या साथीने ५७७ धावांची भागी रचली. हा विक्रम २००६ सालापर्यंत जगात कोणास मोडता आला नाही.

इतका मोठा फलंदाज कसोटी सामन्यांत मात्र प्रथम चमकला नाही. १९४६ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात कसोटीच्या पाच डावांत त्यांच्या १२३ धावा झाल्या. त्यानंतर १९४७-४८ साली भारतीय संघ ऑस्ट्रेलियास गेला. डॉन ब्रॅडमन ह्यांचा तो संघ त्या काळी अजिंक्य समजला जात असे. पहिल्या तीन कसोट्यांतील सहा डावांत मिळून हजारे ह्यांच्या धावा झाल्या अवघ्या ८४! एकाही डावात वीस धावांचा पल्ला त्यांना गाठता आला नाही. दोन्ही दौऱ्यांचे अकरा डाव एकत्र धरले तर २०७ धावा, आणि त्यांत एकही अर्धशतक नाही. केवळ हाच हिशेब पुढे ठेवणाऱ्या मनुष्याने त्यांना खुशाल वगळले असते.

परंतु २३ जानेवारी १९४८ रोजी अ‍ॅडलेड येथे चौथा कसोटी सामना सुरू झाला, आणि हजारे संघात होते. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर उभा केला. ब्रॅडमन ह्यांच्या त्यात २०१ धावा होत्या. भारताचे पाच गडी लवकर गेले. तेव्हा हजारे आणि तरुण दत्तू फडकर ह्यांनी सहाव्या गड्यासाठी १८८ धावांची भर घातली. हजारे ११६ व फडकर १२३ धावा काढून बाद झाले, आणि भारताचा डाव ३८१ वर संपला. लागलीच दुसरा डाव खेळण्याची पाळी आली. फलकावर एकही धाव लागण्यापूर्वी दोन गडी परतले. लिंडवॉल ह्यांच्या तुफानी माऱ्यापुढे त्या डावात सहा जण शून्यावर बाद झाले. लिंडवॉल ह्यांनी ३८ धावांत सात बळी घेतले. अशा पडझडीत हजारे ह्यांनी १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय होत. भारत तो सामना एक डाव व १६ धावांनी हरला, ही गोष्टही सांगितली पाहिजे. एका मनुष्याच्या पुनरुत्थानाने संघाचा पराभव टळतोच असे नाही. तरीही ते पुनरुत्थान व्यर्थ ठरत नाही.

आता विचार करू. अ‍ॅडलेडला काही चमत्कार झाला का? वस्तुतः नाही. सहा किंवा अकरा डाव हे फलंदाजाला मोजण्याचे फार लहान माप आहे. एखादा चांगला चेंडू, एखादा अप्रतिम झेल, पावसाने भिजलेली खेळपट्टी, एवढ्यानेही हे माप चुकते. त्याआधी कित्येक वर्षे हजारे ह्यांनी धावांच्या राशी घातल्या होत्या. त्यांचे खरे माप ते होते. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन ह्यांनी १८८६ साली दाखवून दिले की, अतिशय उंच आईबापांची मुले बहुधा त्यांच्याहून थोडी ठेंगणी निघतात, आणि ठेंगण्यांची थोडी उंच. टोकाला गेलेली गोष्ट सरासरीकडे वळते. क्रिकेट असो की अमेरिकेचा बेसबॉल असो, वाईट हंगामानंतर पुष्कळ फलंदाज सावरतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. मात्र प्रत्येक जण स्वतःच्याच सरासरीकडे वळतो. ज्याने मुळी सरावच केला नाही, त्याची सरासरी उंच कोठून असणार?

हा नियम दोन्ही बाजूंनी चालतो. १९५१ साली इंग्लंडविरुद्ध कर्णधार हजारे ह्यांनी दिल्लीस नाबाद १६४ व मुंबईस १५५ धावा काढल्या. त्यापुढच्या पाच डावांत मिळून त्यांच्या केवळ २८ धावा झाल्या, आणि कानपूरला तर दोन्ही डावांत ते शून्यावर बाद झाले. तरीही त्याच मालिकेत फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्याच वर्षी उन्हाळ्यात लीड्स येथे भारताचे चार गडी शून्य धावांवर बाद झाले असता हजारे खेळावयास आले. त्यांनी ५६ धावा करून संघाची लाज राखली. त्या मालिकेत त्यांनी ३३३ धावा केल्या.

परंतु प्रत्येक अपयशानंतर पुन्हा संधी मिळतेच असे मात्र नव्हे. १९५३ च्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात दहा डावांत त्यांच्या १९४ धावा झाल्या. वय अडतीस झाले होते. पुन्हा कसोटी खेळण्याचा योग आला नाही. एखाद्याने बॅट खुंटीला टांगली असती. हजारे बडोद्याकडून खेळत राहिले, आणि १९५७-५८ च्या रणजी अंतिम सामन्यात सेनादलाविरुद्ध, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी २०३ धावा काढून बडोद्यास करंडक मिळवून दिला. कसोटीचे दार मिटले होते. खेळ मिटला नव्हता.

३० कसोट्यांत ७ शतके, २१९२ धावा आणि ४७.६५ ची सरासरी, हा त्यांचा अखेरचा हिशेब आहे. अपयशाचे ते अकरा डावही ह्याच हिशेबात आहेत. ते पुसले गेले नाहीत, केवळ मोठ्या बेरजेत सामावले. १९६० साली सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोदे येथे वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. देशातील एकदिवसीय सामन्यांचा करंडक आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

विद्यार्थिमित्रहो, पुढील हंगामात संघ निवडताना गड्याची गेल्या चार सामन्यांची वही जरूर पाहा. पण त्यामागची चार वर्षेही पाहा. आणि सहामाहीचा निकाल पाहून ज्याने आपली मान खाली घातली असेल, त्यानेही अ‍ॅडलेडच्या त्या सामन्याची आठवण ठेवावी. सहा डावांत ८४ धावा केलेला मनुष्य सातव्या डावालाही पॅड बांधून, मुकाट्याने, मैदानात उतरला होता.