फादर थॉमस स्टीफन्स

आमच्या बऱ्याच घरांत पावरी आणि चर्चमध्ये मराठी, म्हणून फादर स्टीफन्स आम्हांला जवळचे वाटतात. हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले व साष्टीच्या लोकांत राहून कोकणी, मराठी शिकले. त्यांचे सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तेही रोमी लिपीत. नागरी खिळेच नव्हते! आम्हांला मात्र त्यांचे कोकणी व्याकरण अधिक मोलाचे वाटते. ते १६१९ मध्ये वारले, व्याकरण १६४० साली छापले गेले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने कोकणी सोडण्याचा हुकूम काढला. लोकांनी ती घरात जपली. १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली. ज्या आजीआजोबांना पावरीत प्रार्थना येतात, त्यांच्याकडून मुलांनी त्या वहीत उतरवून घ्याव्यात.