तारण

बँकेच्या नोकरीत मी तारणाचे कागद पुष्कळ तपासले. म्हणूनच दादासाहेब फाळक्यांची विमा पॉलिसी माझ्या मनातून जात नाही. चाळिशी उलटलेला हा संसारी माणूस ती गहाण ठेवून १९१२ साली लंडनला गेला, चित्रपटाचं तंत्र शिकून आला. मटाराचं रोप वाढतानाची चित्रं दिवसेंदिवस टिपून त्यांनी चिमुकली फिल्म केली, भांडवलासाठी दाखवली. पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. त्याच बाई अंधारात फिल्मला भोकं पाडत, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. ३ मे १९१३ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

ध्येयासाठी सुखावर पाणी सोडणाऱ्याचं आपण कौतुक करतो. पण कर्जाच्या कागदावर सही एकाची असते. जामीन मात्र सगळं घर राहतं.