विश्लेषण : चार बाहुल्यांनी उघड केला वर्णद्वेष… कोण होत्या मेमी क्लार्क?

चेहरा तोच, साचा तोच, फरक फक्त रंगाचा. दोन बाहुल्या गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या. अमेरिकेतील ३ ते ७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे या बाहुल्या ठेवल्या गेल्या. मुलांनी केलेली निवड पुढे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. या प्रयोगाची मूळ कल्पना मेमी फिप्स क्लार्क यांची होती.

संशोधनाकडे कशा वळल्या?

मेमी यांचा जन्म १९१७ मध्ये अर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्स येथे झाला. वडील डॉक्टर होते, घरात सुबत्ता होती. पण शाळा मात्र फक्त कृष्णवर्णीयांचीच. हॉवर्ड विद्यापीठात त्या गणित शिकायला गेल्या आणि केनेथ क्लार्क यांच्या आग्रहामुळे मानसशास्त्राकडे वळल्या. १९३७ मध्ये दोघांनी लग्न केले. पुढच्या वर्षी पदवीनंतर मेमी यांनी एका वकिलाच्या कार्यालयात काम केले. तिथे वर्णभेदाविरोधातील खटल्यांची तयारी चाले. आपला वर्ण कोणता, हे लहान मुलांना कधी कळू लागते, हा विषय त्यांनी प्रबंधासाठी घेतला.

प्रयोगात काय आढळले?

या कामाला केनेथ यांची साथ मिळाली. दोघांनी २५३ कृष्णवर्णीय मुलांची पाहणी केली. त्यातील १३४ मुले अर्कान्सातील विभक्त शाळांतील, तर ११९ मॅसॅच्युसेट्समधील एकत्रित शाळांतील होती. खेळायला ६७ टक्के मुलांनी गोरी बाहुली निवडली. वाईट दिसणारी बाहुली कोणती, असे विचारल्यावर ५९ टक्के मुलांनी तपकिरी बाहुलीकडे बोट दाखवले.

तुझ्यासारखी कोणती, हा प्रश्न शेवटी असे. त्यावर काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळाली. ज्या बाहुलीला नुकतेच वाईट ठरवले, तिच्यातच त्यांना स्वतःला पाहायचे होते. पूर्वग्रह फक्त तो बाळगणाऱ्याच्या मनात राहत नाही. ज्याच्याविषयी तो असतो, ते मूलही शाळेत जाण्यापूर्वीच तो आत्मसात करते, हे यातून दिसले.

मार्गदर्शकच समोर उभे ठाकले?

मेमी यांनी १९४३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून पीएचडी मिळवली. त्यांचे मार्गदर्शक हेन्री गॅरेट विभक्त शाळांचे समर्थक होते. पुढे व्हर्जिनियातील खटल्यात गॅरेट यांनी राज्याच्या बाजूने साक्ष दिली. ती खोडून काढण्यासाठी साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या त्यांच्याच विद्यार्थिनी, मेमी.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार राज्यांतील खटल्यांवर एकत्र निकाल दिला. सरकारी शाळांतील वर्णाधारित विभागणी एकमताने घटनाबाह्य ठरली. निकालाच्या ११ व्या तळटीपेत मानसशास्त्रीय संशोधनाचा आधार दिला होता. तिथे केनेथ यांचे नाव आहे, मेमी यांचे नाही.

आक्षेप कोणते?

या प्रयोगात गोऱ्या मुलांचा समावेश नव्हता, त्यामुळे तुलना झाली नाही. बाहुलीच्या निवडीवरून आत्मसन्मान मोजता येतो का, हाही प्रश्न विचारला गेला. आणखी एक आकडा अडचणीचा होता. गोरी बाहुली निवडण्याचे प्रमाण एकत्रित शाळांतील मुलांमध्ये ७२ टक्के, तर विभक्त शाळांतील मुलांमध्ये ६२ टक्के होते. म्हणजे दोष फक्त शाळेच्या भिंतींचा नव्हता. शाळेबाहेरचा समाजही मुलांना तेच शिकवत होता.

पुढे काय केले?

पीएचडी असूनही कृष्णवर्णीय स्त्री म्हणून मेमी यांना मनासारखे काम मिळेना. १९४६ मध्ये या दाम्पत्याने वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेऊन न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मुलांसाठी केंद्र सुरू केले. मतिमंद ठरवून वेगळ्या वर्गात बसवलेल्या मुलांना पालक तिथे घेऊन येत. केंद्रात चाचणी घेतल्यावर त्यातील अनेकांची बुद्धिमत्ता त्या वर्गासाठीच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली. बाहुल्यांच्या बाबतीत जे मुलांनी केले, तेच इथे मोठ्यांनी मुलांच्या बाबतीत केले होते.

मेमी १९७९ पर्यंत केंद्राच्या संचालक होत्या. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. नॉर्थसाइड नावाचे हे केंद्र त्यांच्यानंतरही सुरू राहिले.