भाभांचा फोटॉन आणि हुकलेलं भाकीत

अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या केंद्रात वीज तयार होते ती कोळसा जाळून. साध्या तापमानात अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळेल, असे दावे मात्र अधूनमधून होतात आणि त्यात आभासी कणांचं नाव घेतलं जातं. हे कण म्हणजे काय, हे होमी भाभा यांच्या आयुष्यातून बरंच उलगडतं.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. आत्या टाटांच्या घरात दिलेली. मुलानं केंब्रिजहून मेकॅनिकल इंजिनीअर होऊन यावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागावं, असा घरचा बेत. मुलाचं मन भौतिकशास्त्रात. शेवटी ठरलं, आधी इंजिनीअरिंगमध्ये पहिला वर्ग आण, मग हवं ते शीक. १९३० मध्ये त्यांनी तो आणला आणि वडिलांनीही शब्द पाळला. (बारावीनंतर आपल्याकडेही घरोघरी हाच वाद असतो!)

पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन भाराचा जोडीदार, १९३२ मध्ये सापडला होता. हे दोघं एकमेकांवर आदळले तर? भाभांनी त्याचं गणित मांडलं. एकतर दोघं आपसात फोटॉनची देवघेव करून बाजूला सरकतात, नाहीतर दोघं नाहीसे होऊन फोटॉन बनतो आणि त्यातून पुन्हा जोडी जन्मते. हा मधला फोटॉन आभासी. तो कुठल्याच उपकरणात सापडत नाही. संध्याकाळच्या आत फिटलेली उधारी जशी वहीत चढत नाही, तसं. परिणाम मात्र मोजता येतो. आभासी ही भाषा नंतर रुळली, गणित भाभांचं. कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रांत आजही या भाभा स्कॅटरिंगचा आधार घेतात.

१९३९ मध्ये सुटीवर आले, युद्ध पेटलं, ते इथेच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, मग तुर्भ्याचं अणुकेंद्र. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी भाकीत केलं, की दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. तसं झालं नाही. भाभा २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात गेले.

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या युटातून बातमी आली, जड पाणी आणि पॅलेडियम वापरून टेबलावरच संमीलन झालं. भाभांचं नाव मिळालेल्या तुर्भ्याच्या केंद्रातही पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकारानं प्रयोग झाले; न्यूट्रॉन आणि ट्रिटियम आढळल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलं. पण जगातल्या अनेक प्रयोगशाळांना तसं काही दिसलं नाही.

अडचण साधी आहे. दोन्ही केंद्रं धनभारित, म्हणून एकमेकांना ढकलतात. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान असतं, तेव्हा कुठे ती जुळतात. धातूच्या आत आभासी कण हा अडसर कमी करत असतील, अशी कल्पना काहींनी मांडली आहे. सर्वमान्य पुरावा नाही. भाभांचा फोटॉन आभासी असला तरी त्याचं गणित प्रयोगात जुळलं. या कल्पनेचं अजून जुळलेलं नाही.