देवळालीचे कापरेकर गुरुजी

गणिताला भिऊन मी कला शाखेला आले, हे आधीच कबूल करते. दहावीपर्यंत मी गणित चक्क पाठ केले. फळ्यावरचे उदाहरण वहीत उतरवायचे, रीत घोकायची आणि परीक्षेत आकडे बदलले की घाबरून जायचे. घरी विचारणार तरी कोणाला? आईवडील घनसाळ भाताच्या शेतात राबणारे. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. म्हणूनच दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे चरित्र वाचले तेव्हा ते मला आपल्यासाठीच लिहिल्यासारखे वाटले.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता, त्यातून मुलाला आकड्यांची गोडी लागली. ठाण्याला शाळा आणि पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालय असे त्यांचे शिक्षण झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र घडले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

या मास्तरांना १९४९ साली ६१७४ ही संख्या सापडली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, तीतून लहानात लहान वजा करा आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. १९४७ घेतली तर ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटी ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण तेथे पोहोचतो आणि मग तेथून हलत नाही.

आपल्याकडच्या काही गणितज्ञांना हा पोरखेळ वाटला. गुरुजी खचले नाहीत. शाळा सांभाळून ते लिहीत राहिले, बोलावणे आले की महाविद्यालयांत जाऊन संख्यांविषयी बोलत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील एका विज्ञान मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि जगाला त्यांची ओळख झाली. इकडे मात्र निवृत्तिवेतन पुरत नसल्याने गुरुजींना शिकवण्या कराव्या लागत होत्या. १९८६ साली ते वारले.

माझा धाकटा भाऊ नववीत गणितात नापास झाला आणि शाळा सोडतो म्हणू लागला. पावसाळ्यात एका संध्याकाळी सोप्यात बसून मी त्याला रीत न सांगता ६१७४ चे कोडे घातले. हातचा चुकला की उत्तर येईना, म्हणून वजाबाकी तो स्वतःच तपासू लागला. ११११ घेतल्यावर शून्य का येते, हे त्याने मलाच समजावले. दुसऱ्या दिवशी तीन अंकी संख्या घेऊन बसला आणि रात्री ४९५ वर येऊन थांबला. ती संख्या त्याला कोणी सांगितली नव्हती.

आता तो दहावीत आहे. पास होईल की नाही, हे निकालानंतर कळेल. पण शाळा सोडण्याचे नाव त्याने पुन्हा काढलेले नाही. आधी प्रश्न हाती दिला तर रीत शोधण्याची गरज मुलालाच वाटते, हे मी त्याच्याकडून शिकले. मला पुढे शिक्षिका व्हायचे आहे. विषय कोणताही मिळो, शिकवताना देवळालीचे गुरुजी आठवतील.