लक्ष्मणराव किर्लोस्कर

मुलांनो, लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी एके काळी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे बेळगावात असे नांगर घडविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना (१८६९–१९५६) आरंभी गिऱ्हाईकच मिळेना. त्यातच १९१० साली नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली. चाळिशी उलटलेली, यंत्रे हलवावी कोठे?

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या राज्यात बोलाविले. कुंडल रोड स्थानकानजीकचा ३२ एकर माळ आणि १०,००० रुपये त्यांनी दिले. ही देणगी नव्हे, फेडावयाचे कर्ज होते! माळ तरी कसला? निवडुंग आणि सापांचे रानच ते. लक्ष्मणराव व त्यांचे सोबती यांनी तो साफ करून तेथे कारखाना उभारला, वसाहत वसविली. पुढे त्या स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले.