मुलांचे डॉक्टर सिडनी फार्बर



यंदाच्या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून देण्याचे काम मंडळाने माझ्यावर सोपविले, तेव्हा मी मुद्दामच एका परदेशी डॉक्टरांची निवड केली. ज्या रोगाचे नाव आपण घरात हळू आवाजात घेतो, आणि तो लहान मुलाला झाला तर घेतच नाही, त्या रोगाशी ह्या गृहस्थांनी उभा जन्म झुंज दिली. मी डॉक्टर नव्हे. वाचून जे समजले, ते साध्या शब्दांत सांगते.

सिडनी फार्बर ह्यांचा जन्म १९०३ साली अमेरिकेतील बफेलो ह्या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. भावंडे चौदा. मुलगा हुशार होता; परंतु त्या काळी तिकडच्या वैद्यकीय कॉलेजांत ज्यू मुलांना मोजक्याच जागा मिळत. म्हणून पहिले वर्ष त्यांना जर्मनीत जाऊन शिकावे लागले. तेथे गुण दाखविल्यावर त्यांना बोस्टनच्या हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला, आणि १९२७ साली ते डॉक्टर झाले. अंगात दोष नसताना माणसाला दाराबाहेर उभे करणे म्हणजे काय, हे त्यांनी तरुणपणीच अनुभवले होते.

१९२९ पासून ते बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात तळघरातील प्रयोगशाळेत काम करू लागले. त्यांचे काम रोगी तपासण्याचे नव्हते. रोगाने शरीरात काय बिघडविले, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे होते. पुष्कळदा मूल त्यांच्याकडे येई ते गेल्यावरच. रक्ताच्या कर्करोगाची मुले त्यांनी अशी कितीतरी पाहिली. ह्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, आणि त्या काळी असे मूल काही आठवडे, फार तर काही महिने जगे. कर्करोग हा शब्द अमेरिकेतसुद्धा चारचौघांत उच्चारीत नसत. मुलाला रक्त द्यावे, वेदना कमी कराव्यात आणि वाट पाहावी, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. फार्बर ह्यांना ही वाट पाहणेच सहन होईना.

ह्यापुढची हकीकत आपल्या मुंबईशी येऊन भिडते. १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स ह्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे दाखविले. त्यातले गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. तेच फॉलिक ॲसिड. आज गरोदर सुनेला ज्याच्या गोळ्या देतात ते.

फॉलिक ॲसिडाने रक्तपेशी वाढतात. मग रोगी पेशींचे हे पोषणच अडविले तर? फार्बर ह्यांनी तसे औषध मिळविले ते एका भारतीयाकडून. आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा अमेरिकेतील लेडर्ले कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते. फॉलिक ॲसिडासारखेच दिसणारे, पण पेशीला फसविणारे ॲमिनोप्टेरिन हे द्रव्य त्यांच्या हाताखाली तयार झाले होते. १९४७ च्या डिसेंबरअखेर फार्बर ह्यांनी ते दोन वर्षांच्या एका अत्यवस्थ मुलाला देण्यास सुरुवात केली. पेशींची वाढ थांबली, आणि अंथरुणाला खिळलेले मूल पुन्हा चालू लागले.

जून १९४८ मध्ये फार्बर ह्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६ मुलांपैकी १० मुलांना गुण आला होता. तो टिकला मात्र नाही, रोग उलटला. पुष्कळ डॉक्टरांना हा सारा खटाटोप पटला नव्हता. मरणाऱ्या मुलांना सुया टोचून छळू नये, असा त्यांचा आक्षेप होता. तो निर्दयपणाचा नव्हता. पण त्याच्या मुळाशी एक ठाम समजूत होती, ती ही की असे मूल गेल्यातच जमा. फार्बर झगडले ते रोगाशी, तसेच ह्या समजुतीशीही.

त्याच वर्षी २२ मे रोजी एक नवलाची गोष्ट घडली. आतड्याच्या कर्करोगाने आजारी असलेल्या १२ वर्षांच्या एका मुलाच्या खाटेजवळून रेडिओचा कार्यक्रम झाला. मुलाचे खरे नाव गुप्त ठेवून त्याला जिमी म्हटले. त्याच्या आवडत्या बेसबॉल संघातले खेळाडू त्याला भेटायला आले. त्याला टेलिव्हिजन मिळावा म्हणून लोकांकडे २० हजार डॉलर मागितले होते. आले दोन लाखांहून अधिक. त्यातून जिमी फंड वाढला आणि १९५२ साली नवी इमारत उभी राहिली. ऐपत नाही म्हणून तेथे कोणाला परत पाठवीत नसत. फार्बर ह्यांचा आग्रह असे की डॉक्टर, परिचारिका, आहार पाहणारे, कुटुंबाची अडचण समजून घेणारे, सगळे एका छपराखाली असावेत. कारण आजारी पडते ते नुसते मूल नव्हे, सारे घर. पुढे मुलांच्या मूत्रपिंडातील गाठीवरही त्यांनी औषधाने चांगला गुण आणून दाखविला. १९७३ साली, काम चालू असतानाच, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

आणि तो जिमी? तो केव्हाच वारला असणार, असे सर्वांनी धरून चालले. १९९८ साली उघडकीस आले की तो जिवंत आहे. त्याचे खरे नाव आइनार गुस्टाफसन. शिकून सवरून तो मालट्रक चालवीत होता आणि तीन मुलींचा बाप झाला होता. ज्याच्या नावाने पन्नास वर्षे निधी जमला, तो बरा झाला असेल अशी शंकाही कोणाला आली नाही! समजूत किती चिवट असते पाहा. रोग हटला, पण ती हटली नाही.

आपल्याकडे ह्या समजुतीला आणखी फाटे फुटले आहेत. गेल्या जन्मीचे पाप, ग्रहणात आईने पाळले नाही, कोणाची नजर लागली, असे बोलणे मी आपल्याच गल्लीत ऐकले आहे. मुलगी असेल तर पुढे लग्न कसे जमेल, ह्या धास्तीने आजार लपवितात. शेजारची मुले खेळायला येईनाशी होतात, आणि हळदीकुंकवाला त्या आईला बोलावणे जात नाही. वास्तविक कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. उपचार चालू असलेल्या मुलाच्या तोंडावर पट्टी असते ती आपल्या सर्दीखोकल्यापासून त्याला जपण्यासाठी. औषधाने गेलेले केस पुन्हा येतात. आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत आईबापांच्या कोणत्याही वागण्याने हा रोग झालेला नसतो.

लपविण्याची किंमत मात्र मूल देते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या दर १० मुलांपैकी ८ हून अधिक बरी होतात. पुष्कळ गरीब देशांत ३ सुद्धा होत नाहीत. उशिरा निदान आणि अर्धवट सोडलेले उपचार ही त्याची मोठी कारणे आहेत. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात. महिन्या-दोन महिन्यांत मूल हसू-खेळू लागले की घरच्यांना वाटते, झाले बरे, किंवा गावी नेऊन अंगारे-धुपारे सुरू होतात. फार्बर ह्यांच्या पहिल्या मुलांवर रोग उलटला, कारण त्यांच्यापाशी पुढचे औषध नव्हते. आज औषध असून ते अर्ध्यावर सोडून द्यावे, ह्यासारखे दुर्दैव नाही.

तेव्हा मुलाचा ताप फार दिवस हटत नसेल, ते पांढरे फटक पडत असेल, अंगावर कारण नसताना निळे डाग दिसत असतील, कोठे गाठ लागत असेल, किंवा डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसत असेल, तर आधी डॉक्टर गाठावा. प्रत्येक वेळी कर्करोगच असतो असे नाही. पण पाहून घ्यावे. आणि शेजारी असे मूल असेल तर त्याला त्याच्या नावाने हाक मारावी, त्याच्या आईला हॉस्पिटलच्या दिवशी डबा द्यावा, धाकट्या भावंडाला चार तास आपल्या घरी ठेवावे. एवढे आपल्या मंडळाच्या हातचे आहे, आणि त्याला वर्गणी लागत नाही.